चिनी जेडचा कोरीव वाडगा कसा तपासायचा: दगडापासून शिक्क्यापर्यंत

पोटावर बटबटीत डोळ्यांचा मुखवटा, त्यामागे चौकोनी वेटोळ्यांची बारीक जाळी, दोन्ही बाजूंना प्राण्यांच्या तोंडातून निघालेले कान. असा जेडचा वाडगा समोर ठेवला की विकणारा बहुधा 'शांग काळ, तीन हजार वर्षं' असं सांगून मोकळा होतो. नक्षीचं मूळ खरोखरच शांग काळात (इ.स.पू. सुमारे १६०० ते १०४६) असतं, वाडग्याचं मात्र क्वचितच. त्या काळी ही नक्षी मुख्यतः काशाच्या भांड्यांवर होती. जेडची भांडी घडत, पण अगदी मोजकी: १९७६ मध्ये आन्यांग इथे फू हाओ या राणीची कबर उघडली तेव्हा जेडच्या ७५५ वस्तू निघाल्या आणि त्यांत 'ग्वेइ' घाटाचे वाडगे दोनच होते.

पुढे सोंग (९६०–१२७९), मिंग (१३६८–१६४४) आणि छिंग (१६४४–१९११) घराण्यांच्या काळात जुन्या काशाच्या भांड्यांवरून जेडमध्ये भांडी घडवण्याची हौस वारंवार उसळली. आज विक्रीला दिसणारे 'प्राचीन' नक्षीचे वाडगे जुने असलेच तर बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले असतात. बाकीचे विसाव्या शतकातले किंवा कालपरवाचे. नक्षीवरून कारागिराला कोणता जुना काळ आठवायचा होता ते कळतं. तो स्वतः केव्हा बसून कोरत होता हे दगड, हत्याराच्या खुणा आणि झिलई सांगतात. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा: दगड, घाट, नक्षी, हत्यार, झिलई, डाग आणि सगळ्यांत शेवटी शिक्का. नवखा माणूस नेमका शिक्क्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो.

तयारी

टेबलावर जाड टॉवेलची दुहेरी घडी घाला. हातातल्या अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा. हात धुऊन कोरडे करा. सुती हातमोजे घालू नयेत, झिलईदार दगडावर ते घसरतात. एक हात बुडाखाली आणि दुसरा पोटाला, अशा पद्धतीने वाडगा उचला. कानाला धरून कधीच नाही. कानांत सुट्या कड्या असतील तर वाडगा पालथा करण्याआधी त्यांच्याखाली मऊ कापडाचा बोळा द्या. कडी आपटून पोटाची कपची उडणं हा नेहमीचा अपघात आहे.

सामान फार लागत नाही: १० पट मोठं दाखवणारं भिंग, अरुंद झोताचा एलईडी टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, प्लॅस्टिकचं व्हर्नियर, ०.१ ग्रॅमपर्यंत वाचणारा डिजिटल काटा, नायलॉनचा दोरा आणि वाडगा पूर्ण बुडेल एवढं पसरट भांडं. तपासायच्या आधी फोटो काढून ठेवा: चारही बाजू, आतला तळ, बूड, काठ आणि दोन्ही कानांच्या आतल्या बाजू.

पायरी १: दगड कोणता

जेड या नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात. नेफ्राइटचा कठीणपणा मोह्ज मापावर (सर्वांत मऊ १, हिरा १०) ६ ते ६.५ आणि घनता २.९० ते ३.०३. जेडाइटचा कठीणपणा ६.५ ते ७ आणि घनता ३.३० ते ३.३८. चीनमधली जेडची प्राचीन परंपरा नेफ्राइटची आहे. त्याचे तंतू नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून पातळ भिंतीचा वाडगाही सहसा फुटत नाही. जेडाइट ब्रह्मदेशातल्या कचिन भागातून येतं आणि ते चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर पोहोचलं अठराव्या शतकात. त्यामुळे 'मिंग काळातला' वाडगा जेडाइटचा निघाला तर पुढची तपासणी करायचीही गरज नाही.

घनता घरच्या घरी मोजता येते. आधी कोरड्या वाडग्याचं वजन घ्या, समजा ४१२.० ग्रॅम. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. वाडगा नायलॉनच्या दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल तो वाडग्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. तो १३९.७ ग्रॅम आला तर ४१२.० भागिले १३९.७, म्हणजे २.९५: नेफ्राइटच्या पट्ट्यात. तेवढ्याच वजनाचा वाडगा सर्पेंटाइनचा असता तर आकडा १६० च्या आसपास आला असता आणि घनता २.५८ निघाली असती.

चुका ठरलेल्या आहेत. बुडाच्या कड्याखाली हवा अडकते. अवघा ५ मिलिलिटरचा बुडबुडा राहिला तरी वरच्या उदाहरणात २.९५ चे २.८५ होतात आणि अस्सल नेफ्राइट बाद ठरतं. म्हणून वाडगा तिरका करून हळूहळू उतरवा आणि पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. वाडगा तळाला टेकला तरी घनता खोटी कमी येते. तीन वेळा मोजा. तिन्ही उत्तरं ०.०२ च्या आत जुळली नाहीत तर मोजणीतच गडबड आहे. सोन्याचांदीचं कोंदण, जडावकाम, डिंकाने जोडलेला तुकडा किंवा खडूसारखा पांढुरका झालेला पृष्ठभाग असेल तर वाडगा पाण्यात घालूच नका.

जेड म्हणून खपणारे दगड ओळखून ठेवा. सर्पेंटाइन (चीनमधलं श्यूयान इथलं सर्रास मिळतं) सुमारे २.६, अॅव्हेंच्युरिन आणि इतर क्वार्ट्झाइट २.६५, संगमरवर २.७. प्रेहनाइटची घनता मात्र २.८ ते २.९५, म्हणजे नेफ्राइटला भिडते. त्यामुळे घनतेचा आकडा जुळला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. न जुळला तर मात्र सुटतो. चाकूने ओरखडा काढून बघायचा सल्ला बाजारात फुकट मिळतो. तो घेऊ नये. क्वार्ट्झही त्या परीक्षेत पास होतो आणि खऱ्या जुन्या वाडग्यावर चरा मात्र कायमचा राहतो.

टॉर्च भिंतीला आतून लावून बाहेरून पाहा. नेफ्राइटमध्ये धूसर, कापसाच्या पेळूसारखी गुंतवळ दिसते आणि झिलई काचेसारखी लखलखीत नसून किंचित तुपकट वाटते. काचेत गोल बुडबुडे आणि वाहत्या रेषा सापडतात, क्वार्ट्झाइटमध्ये साखरेसारखे कण. भेगांत रंग जास्त आणि भोवती कमी असेल तर दगड रंगवलेला आहे.

आकारमानाकडेही इथेच लक्ष द्या. उत्तम पांढरं नेफ्राइट चीनच्या वायव्येकडच्या शिनच्यांगमधल्या खोतानच्या नद्यांतून गोट्यांच्या रूपात यायचं आणि गोटा जेवढा तेवढाच वाडगा. च्येनलोंग सम्राटाच्या (राज्यकाळ १७३६–१७९५) फौजांनी १७५९ पर्यंत तो प्रदेश जिंकला आणि त्यानंतर दगडाचा पुरवठा दरबाराकडे नियमित सुरू झाला. डोंगरातून काढलेल्या मोठ्या शिळाही येऊ लागल्या. त्याआधीचा म्हणून दाखवलेला मोठा, एकसंध, निर्दोष पांढरा वाडगा दिसला तर भुवया उंचावायला हरकत नाही. अपवाद आहेत, आणि कसे! बीजिंगच्या बेइहाइ बागेतलं मंगोल सम्राट कुब्लाई खानाचं मद्यपात्र १२६५ मधलं, वजन सुमारे साडेतीन टन, अंगभर लाटा आणि समुद्री प्राणी. ते पुढे एका मठात लोणची मुरवायला वापरलं जात होतं असं सांगतात. च्येनलोंगने १७४५ मध्ये ते विकत घेतलं आणि आत आपल्या कविता कोरवल्या. तो दगड मात्र खोतानचा पांढरा नव्हे, काळपट-हिरवा आहे.

पायरी २: घाट कुठून आला

वाडगा फूटभर अंतरावर ठेवून नक्षी विसरा, फक्त बाहेरची रेषा बघा. प्राचीन वळणाच्या वाडग्यांत सर्वांत जास्त भेटतो तो ग्वेइ: गोल फुगीर पोट, किंचित बाहेर वळलेला काठ, उंच कड्याचं बूड आणि प्राण्याच्या डोक्यातून निघणारे दोन कान, कानांखाली लोंबणारी चौकोनी जीभ. काशाचा ग्वेइ धान्य वाढण्याचं यज्ञपात्र होता. जेडमध्ये आल्यावर त्याचा धूपदान म्हणून वापर होऊ लागला, म्हणून बऱ्याच छिंगकालीन ग्वेइंना झाकण असतं. झाकण हरवलेलं असेल तर काठाच्या आतल्या बाजूला बारीक खाच किंवा पायरी सापडते. ती बोटाने चाचपा. झाकण असेल तर दगडाचा रंग, पारदर्शकपणा आणि भेगांची दिशा पोटाशी जुळते का ते पाहा. दुसऱ्याच वाडग्याचं झाकण बसवणं फार चालतं.

पोटावर उभ्या, दातेरी पट्ट्या उठवलेल्या असतील तर तिथे थांबा. शांग आणि त्यानंतरच्या चौ घराण्याच्या काळातलं काशाचं भांडं मातीच्या अनेक तुकड्यांच्या साच्यात ओतलं जाई आणि साच्याचे सांधे जिथे येत तिथेच या पट्ट्या ठेवत, म्हणजे सांधा झाकला जाई. जेडला साचा नाही, सांधाही नाही. जेडवर ही पट्टी केवळ काशाची आठवण म्हणून येते, आणि ती उठवायची तर उरलेल्या सबंध पोटावरचा दगड घासून खाली न्यावा लागतो. एवढा खर्च केलेल्या वाडग्यात पट्ट्या समान अंतरावर आणि समान उंचीच्या हव्यात. व्हर्नियरने मोजा. मिलिमीटरभर इकडेतिकडे चालेल. तीन-चार मिलिमीटरचा फरक दरबारी कामात बसत नाही.

एक वेगळं कुळ इथेच बाजूला काढायला हवं, कारण त्याचा संबंध आपल्याकडे येतो. कमळाच्या पाकळ्यांचं बूड, अॅकँथसच्या (खाचदार कडांच्या) पानांची वेल, कळीच्या आकाराचे कान आणि उजेड आरपार जाईल इतकी पातळ भिंत, हा मुघल घाट. शाहजहानचा १६५७ मधला पांढऱ्या नेफ्राइटचा मद्याचा पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे: देह अर्ध्या भोपळ्याचा, मूठ बोकडाच्या डोक्याची. च्येनलोंग अशा 'हिंदुस्थानी' जेडच्या प्रेमात होता, त्याने ती जमवली, त्यांवर कविता केल्या, आणि चिनी कारागीर त्या वळणाची भांडी घडवू लागले. त्याच्याच काळात प्राचीन काशाचीही नक्कल जोरात होती. म्हणून पानांच्या वेलीखाली चौकोनी वेटोळी असा संकर दिसला तर गोंधळू नका: तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा चिनी वाडगा.

पायरी ३: नक्षी वाचणं

आता भिंग घ्या. नक्षीचे शब्द थोडेच आहेत, ते पाठ केले की निम्मं काम होतं.

ताओतिए म्हणजे समोरून दिसणारा मुखवटा. दोन डोळे, शिंगं, नाक, वरचा ओठ. खालचा जबडा बहुधा नसतोच. नाकाच्या रेषेवर बोट ठेवून एक बाजू झाका: उरलेला भाग एका बाजूने पाहिलेला, एक पाय आणि वळलेली शेपटी असलेला प्राणी दिसतो. तो क्वेइ ड्रॅगन. दोन क्वेइ नाकाला नाक लावून उभे राहिले की ताओतिए तयार. अर्धा मुखवटा झाकल्यावर प्राणीच दिसत नसेल, नुसती वेलबुट्टी उरत असेल, तर कोरणाऱ्याला मूळ रचना माहीत नव्हती.

लेइवन म्हणजे मागची चौकोनी वेटोळी. काशावर ती सुईच्या टोकाएवढी बारीक आणि थोडी अनियमित असतात. काठाखाली वर टोक केलेली किंवा पोटावर खाली टोक केलेली पात्यांसारखी रांग ही केळीच्या पानांची. त्या पात्यात डोळे आणि आडव्या वळ्या असतील तर तो रातकिडा, म्हणजे सिकाडा. बुडाजवळ पिळाच्या दोरीची कड असते.

इथवरचं सगळं काशावरून आलेलं. दुसरा झरा जुन्या जेडचाच आहे. ओळीत उठवलेले गोल टपोरे दाणे, त्यांना कधी बारीक शेपटी, हे युद्धमान राज्यांच्या (चौ काळाच्या शेवटच्या) आणि हान काळातल्या (इ.स.पू. २०६ – इ.स. २२०) 'बी' चकत्यांवरून, म्हणजे मध्ये भोक असलेल्या गोल जेड-चकत्यांवरून घेतलेलं. शिंग नसलेला, पालीसारखा वळत काठावर चढणारा छी ड्रॅगनही हान जेडमधला. मिंग कारागिरांचा तो फार लाडका, आणि त्यांच्या पेल्यांचे कान बहुतेक त्याचेच.

हे सगळं सोंग आणि छिंग कारागिरांपर्यंत पोहोचलं कसं? प्रत्यक्ष भांडी फार थोड्यांनी हाताळली. बाकीच्यांनी पाहिली ती चित्रं. १०९२ मध्ये ल्यू दालिन या विद्वानाने जुन्या पात्रांची सचित्र सूची केली, बाराव्या शतकाच्या आरंभी सोंग घराण्यातल्या हुइत्सोंग सम्राटाच्या संग्रहाची सूची झाली, ती मिंग काळात पुन्हा पुन्हा छापली गेली. च्येनलोंगने १७४९ मध्ये आपल्या संग्रहातल्या दीड हजारांवर पात्रांची सूची करायला लावली. लाकडी ठशाच्या चित्रात खोली नसते, सावली नसते, फक्त रेष असते. त्या चित्रावरून कोरलेला मुखवटा म्हणूनच सपाट, काटेकोर, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आणि चेहऱ्याने जरा पाळीव असतो. शांग मुखवट्याचा धाक त्यात नाही. भुवया ढगांच्या वळ्यांसारख्या होतात, नाकाचा शेंडा फुलासारखा. हा दोष नव्हे, छिंग कामाची ही सही आहे.

एकाच वाडग्यावर शांगचा मुखवटा, हानचा ड्रॅगन आणि मिंगची कमळवेल एकत्र नांदत असतील तर शांग किंवा हान काळाचा दावा तिथेच संपतो. जुन्याला जुनं जोडण्याची ही उठाठेव पुनरुज्जीवनाच्या काळातच होते, आणि अशा मिश्रणाचे अठराव्या शतकातले नमुने अतिशय देखणे आहेत.

काळ पकडून देणारी एक खूण नवख्याने खास लक्षात ठेवावी. पिसांचा मुकुट घातलेला माणूस आणि त्याच्याखाली मोठ्या डोळ्यांचा पशू, केसाएवढ्या बारीक रेषांत कोरलेला, हे ल्यांगचू संस्कृतीचं (इ.स.पू. सुमारे ३३०० ते २३००) चिन्ह. त्याचं पूर्ण रूप जगाला नीट कळलं ते १९८६ मधल्या फानशान इथल्या उत्खननानंतर. छिंग दरबारात ल्यांगचूच्या त्सोंग नळ्या (बाहेरून चौकोनी, आतून गोल) होत्या, पण त्या किती जुन्या हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ते पूर्ण चिन्ह हुबेहूब मिरवणारा 'च्येनलोंगकालीन' वाडगा बाजूला ठेवून द्यावा.

पायरी ४: हत्याराच्या खुणा

जेड छिन्नीने कोरत नाहीत. हत्यार फक्त वाळू फिरवतं. दगड कापते ती वाळू. जुन्या पद्धतीत कारागीर बाकावर बसून पायांनी फळ्या दाबतो, आडवा दांडा पुढेमागे फिरतो, दांड्याच्या टोकाला लोखंडी चकती, आणि चकतीवर ओली वाळू: गारगोटीची, तामड्याची किंवा कुरुंदाची. १६३७ मध्ये छापलेल्या सोंग यिंगशिंग या लेखकाच्या तंत्रविषयक ग्रंथात जेडकामाचं हे वर्णन चित्रांसह आहे. कृत्रिम कार्बोरंडम (दगड घासायची कठीण भुकटी) १८९० च्या दशकात आलं, विजेची हत्यारं आणि हिऱ्याच्या कणांची टोकं त्यानंतर. म्हणून कोरीव रेषेचा तळ हा वाडग्याचा सर्वांत खरा दाखला.

टॉर्च अगदी आडवा धरा, म्हणजे खाचेत सावली पडेल. चकती गोल असल्यामुळे तिने केलेली खाच मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना उथळ असते, नावेच्या तळासारखी. वळणदार रेष करायची तर अशा छोट्या खाचा एकापुढे एक जोडाव्या लागतात. भिंगाखाली वळण म्हणजे तुकड्यातुकड्यांनी वळलेली रेष दिसते. लेइवनच्या चौकोनी कोपऱ्यात चकती किंचित पुढे जाते आणि बारीकशी फुली उरते. या खुणा हव्यातच. त्या नसतील, रेष एकसारख्या खोलीची आणि कोपरे गोल टोकाचे असतील, तळात दाटीने समांतर वळ्या असतील, तर ते हिऱ्याच्या टोकाचं विजेचं यंत्र. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने केलेल्या कामात दोन मुखवटे मोजून सारखे निघतात. हाताच्या कामात शिंगाची जाडी, वेटोळ्यांचे फेरे कुठेतरी बदलतातच. दोन मुखवट्यांचे फोटो एकावर एक ठेवून पाहा.

उठावाची तपासणी वेगळी. खरा उठाव करायचा तर सुरुवातीलाच दगड राखून ठेवावा लागतो. भोवतालची जमीन खाली नेली की आकृती वर राहते. म्हणून पातळ प्लॅस्टिकची पट्टी काठाजवळच्या कोऱ्या भागापासून पोटावर टेकवत न्या. आकृती कोऱ्या भागाच्या रेषेच्या वर यायला हवी. ती रेषेच्या खालीच असेल, म्हणजे आकृतीभोवती नुसता खड्डा असेल, तर जुन्या साध्या वाडग्यावर मागाहून नक्षी कोरलेली असण्याची शक्यता मोठी. अशा वाडग्यात आणखी दोन गोष्टी जुळतात: नक्षीच्या जागी भिंत पातळ आणि अन्यत्र जाड, आणि बुडाचं कडं झिजलेलं पण नक्षीच्या कडा मात्र कोऱ्या. दगड जुना, वाडगा जुना, किंमत वाढवणारी गोष्ट तेवढी नवी. नवख्यांना सर्वांत महाग पडणारा प्रकार हाच.

चांगल्या छिंग कामात उठावामागची जमीन वाडग्याच्या वळणाबरोबर सलग वाहते. बोट फिरवलं तर खाचखळगा लागत नाही.

आतला भाग पोकळ करताना पोकळ नळीचं गिरमिट खाली उतरवून मधला गाभा मोडून काढत, मग वाकड्या हत्यारांनी भिंत सारखी करत. आतल्या तळाच्या कडेला कधी त्या नळीची चंद्रकोर राहून जाते. तसं दिसलं तर चिंता नको. संपूर्ण आतल्या बाजूला लेथवरच्यासारखी अचूक एककेंद्री वर्तुळं मात्र यंत्राची.

पायरी ५: झिलई

कानाच्या आत, कड्यांच्या मागे, बुडाच्या आत आणि झाकणाच्या खालच्या बाजूला बघा. दरबारी छिंग काम तिथेही बाहेरच्याइतकंच गुळगुळीत असतं. लाकूड, भोपळ्याची साल आणि चामड्याच्या चकत्यांनी हे घासणं कोरण्याइतकंच वेळखाऊ होतं, आणि स्वस्त नकलाकार पहिली काटछाट इथेच करतो. मिंग वाडगा निराळा: भिंत जाड, कडा मऊ, आणि कानांच्या आत हत्याराचे ओरखडे तसेच सोडलेले. त्यामुळे लपलेल्या जागी खडबडीतपणा दिसला तर आधी घाट मिंग आहे का ते पाहा, मग नाक मुरडा.

झीज तर्काला धरून हवी. बुडाच्या कड्यावर, कानांच्या बाहेरच्या वळणावर आणि मुखवट्याच्या नाकावर ती आधी येते. खाचेच्या तळातही पृष्ठभाग मंद झाला असेल तर ती झीज नव्हे, आम्लाचं काम.

पायरी ६: डाग आणि रंग

तपकिरी किंवा पांढुरका डाग म्हणजे म्हातारपण, ही समजूत फार फसवते. प्रश्न एकच विचारायचा: रंग आधी की कोरीव काम आधी? नदीतल्या गोट्याची तपकिरी साल कोरण्याआधीची असते, म्हणून खोल खाचेत रंग संपतो आणि आतला पांढरा दगड उघडा पडतो. जमिनीत पुरल्याने आलेला डाग कोरण्यानंतरचा; तो भेगेच्या किंवा कमकुवत शिरेच्या वाटेने पसरतो आणि नक्षीची पर्वा न करता उठाव-खाच दोन्ही ओलांडतो. हाताने चढवलेला रंग खाचेत आणि बारीक तड्यांत साठतो, उंचवट्यावरून पुसला जातो. तापवून पांढरं केलेल्या जेडवर तड्यांचं बारीक जाळंही येतं. छिंग दरबारासाठी घडवलेला वाडगा कधी पुरलेलाच नव्हता, तर त्याला पुरल्याचे डाग कशाला हवेत?

पायरी ७: शिक्का

बुडावर चार किंवा सहा अक्षरं असतात. 'महान छिंग, च्येनलोंगच्या काळात घडवलेलं' अशा मजकुराची राज्यकाळाची खूण नेहमीची. 'महान छिंग च्येनलोंग, जुन्याची नक्कल' अशा अर्थाची सहा अक्षरंही येतात, बहुधा रुंद, सपाट वळणाच्या लिपीत. दरबाराने आपण नक्कल करतोय हे स्वतःच दगडावर कोरून ठेवलं होतं. हजार वर्षांचा आव विक्रेत्यांनी आणला. मिंग काळातल्या सूचौ शहरातल्या लू त्सिगांग या कारागिराची सही तर इतक्या वस्तूंवर आहे की तिचा आधार न घेतलेला बरा.

अक्षराच्या फटकाऱ्यात तीच नावेसारखी खाच शोधा. सपाट तळ, सारखी उथळ खोली आणि आत पांढुरका धुरकट पोत असेल तर लेझर. शिक्का बुडाच्या मध्यावर आणि झिलईच्या खाली बसलेला हवा. अक्षरांच्या कडा बोटाला टोचत असतील तर तो नंतर घातलेला.

दुरुस्ती, कागदपत्रं, निगा

अतिनील टॉर्च अंधारात फिरवा: डिंक आणि राळ बहुधा निळसर-पांढरी चमकते. कान आणि पोट यांचा सांधा, कड्या, काठ या तीन जागा सोडू नका. सुटी कडी एकाच दगडातून कापलेली असते, तिला सांधा नसतो. काठाखालची नक्षीची पट्टी एखाद्या जागी वरून अर्धी कापल्यासारखी वाटली तर कपची उडाल्यावर काठ घासून खाली नेलेला आहे. वाडगा काचेवर पालथा ठेवून भिंतीची उंची चार जागी मोजली की लगेच कळतं.

रत्न-प्रयोगशाळा दगड नेफ्राइट आहे का, त्यात राळ किंवा रंग भरलाय का हे सांगते. वय सांगत नाही. 'नैसर्गिक नेफ्राइट' एवढाच दाखला दाखवून कोणी 'छिंगकालीन' म्हणत असेल तर दोन वेगळे दावे आहेत हे त्याला सांगा आणि जुन्या मालकीची बिलं, लिलावाच्या नोंदी, जुने फोटो मागा.

भारतात १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांनी हाँगकाँगहून आणलेला वाडगा परदेशातल्या मुलाकडे पाठवायचा बेत असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे जा. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसा दाखला तेच देतात. चीनमधूनही १९११ पूर्वीच्या वस्तू बाहेर काढण्यावर बंदी आहे, तेव्हा बीजिंगच्या दुकानातून 'च्येनलोंगकालीन' वाडगा बिनधास्त पार्सल होत असेल तर उत्तर त्यातच आहे.

निगा सोपी. मऊ कोरडं कापड पुरतं. फारच मळ असेल आणि डिंकाचा सांधा नसेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण. लिंबू, व्हिनेगर, वाफ आणि अल्ट्रासोनिक यंत्र वर्ज्य. चमक यावी म्हणून खोबरेल चोळण्याचा मोह आवरा: तेल खाचेत धूळ धरतं आणि पुढच्या तपासणीत नेमक्या हत्याराच्या खुणाच झाकून टाकतं.

डोळा तयार करायला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेल्या संग्रहातलं चिनी दालन आहे. मुघल जेडशी तुलना करायची तर हैदराबादचं सालार जंग. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला १९०२ मध्ये मिळालेल्या हेबर बिशप संग्रहातल्या जेडचे मोठ्या आकाराचे फोटो ऑनलाइन मोफत पाहता येतात. ते पाहताना समोरचा मुखवटा पटकन ओलांडा आणि बुडाचा, कानाचा फोटो असेल तर तो पूर्ण मोठा करून त्यावर वेळ घालवा.